तिरक्या रेघेची किंमत

गेले दोन शनिवार काही लिहिलं नाही. एका शनिवारी लग्न होतं आणि दुसऱ्या शनिवारी निव्वळ आळस. आज मात्र पहाटेच जाग आली, चहा केला आणि म्हटलं, चला, बरेच दिवस डोक्यात घोळणारा एक विषय मार्गी लावू. विषय तसा रुक्ष आहे: डेटाबेसमध्ये टेक्स्ट म्हणून साठवलेले पाथ आणि एसक्यूएलच्या क्वेरीत होणारी त्यांची चिरफाड. ज्यांचा डेटाबेसशी संबंध नाही त्यांनी आज सुट्टी घेतली तरी चालेल. पण ज्यांनी कधी ना कधी '/अमुक/तमुक/फाइल' अशा मजकुरावर सबस्ट्रिंग चालवलंय त्यांनी बसा. तुमच्याशीच बोलायचंय.

(क्वेऱ्या देवनागरीतच लिहिल्या आहेत. मधेच कीबोर्ड बदलायचा मला कंटाळा येतो. हसायचं असेल तर हसा, पण कॉपी-पेस्ट करून चालवू नका :-) )

गोष्ट काही वर्षांपूर्वीची. आमच्या एका ग्राहकाकडे इंजिनियरिंग ड्रॉइंग सांभाळायची सिस्टिम होती. ती आम्ही बांधलेली नव्हती, आमच्या गळ्यात पडली होती. तिच्यात 'फायली' नावाचं एक टेबल, त्यात प्रत्येक ड्रॉइंगची एक नोंद आणि प्रत्येक नोंदीत 'पाथ' नावाचा एक लांबलचक कॉलम. ड्रॉइंग कुठल्या प्रकल्पाचं, कुठल्या मजल्याचं, कुठल्या आवृत्तीचं ही सगळी माहिती त्या एकाच कॉलममध्ये, स्लॅश टाकून एकापुढे एक. प्रकल्पाचं वेगळं टेबल नाही, फोल्डरचं वेगळं टेबल नाही. जे काय आहे ते पाथमध्ये.

एका शुक्रवारी ग्राहकाचा निरोप आला: पी_१ हा प्रकल्प बंद झाला, त्याच्या नोंदी आणि फायली चालू सिस्टिममधून काढून टाका, नवीन कामांना जागा हवी आहे. आमच्या टीममधला सर्वांत धाकटा मुलगा नुकताच सहा महिने पूर्ण करून स्थिरावला होता. काम त्याच्याकडे दिलं. संध्याकाळी तो माझ्या खुर्चीशी आला.

"सर, जरा ही क्वेरी बघता का? मग चालवतो."

"दाखव."

त्याने दाखवली ती अशी:

डिलीट फ्रॉम फायली
व्हेअर पाथ लाइक '/प्रकल्प/पी_१%'

मी बघितली. टक्क्याचं चिन्ह शेवटी आहे, म्हणजे इंडेक्स वापरला जाईल, म्हणजे टेबल फार वेळ अडकून राहणार नाही, असा विचार केला आणि "चालव" म्हणालो. तो विचार मला अजून शब्दशः आठवतो. क्वेरी वेगात चालेल का हे मी तपासलं. ती नेमकं काय उडवणार हे नाही.

शनिवारी सकाळी फोन. चौदा नंबरच्या प्रकल्पाची एकही ड्रॉइंग दिसत नाहीये. मग बाराची. मग सतराची. तुमच्या लक्षात आलंच असेल. 'पी_१' ने सुरू होणारं म्हणजे पी_१, पी_१० पासून पी_१९ पर्यंत सगळे, आणि पुढे शंभरीतले जे असतील तेही. रात्रीच्या जॉबने त्या नोंदींच्या मागच्या फायलीही डिस्कवरून इमानेइतबारे उचलल्या होत्या. जॉबने आपलं काम चोख केलं होतं, त्याला दोष नाही.

शनिवार-रविवार आम्ही दोघं ऑफिसात होतो. फायली टेपवरून परत आल्या. नोंदी गुरुवार रात्रीच्या बॅकअपमधून परत आल्या. पण शुक्रवारी दिवसभरात ग्राहकाच्या लोकांनी ड्रॉइंगवर जे शेरे लिहिले होते ते गेले ते गेलेच. लॉग बॅकअपचा खर्च ग्राहकाने नको म्हटला होता आणि आम्हीही फारसं ताणलं नव्हतं. त्यांच्याकडच्या दोन माणसांनी पुढचा आठवडा आठवून आठवून ते शेरे पुन्हा लिहिले. किती आठवले आणि किती नाही, ते त्यांनाच ठाऊक. बांधकामाच्या ड्रॉइंगवरचा शेरा म्हणजे काय असतो ते बांधकामवाल्यांना विचारा. "ही तुळई इथे नको" एवढंच वाक्य असतं, पण ते हरवलं तर तुळई तिथेच येते.

त्या मुलाने माफीचा मेल लिहिला. मी त्याला तो पाठवू दिला नाही, माझ्या नावाने पाठवला. त्यात औदार्य वगैरे काही नव्हतं, क्वेरी पास मीच केली होती. पण तेव्हापासून एक मत बनलं आहे आणि ते आज मांडतो: पाथ टेक्स्टच्या कॉलममध्ये ठेवून रोजच्या क्वेरीत त्याचे तुकडे पाडणं ही सवय मोडायला हवी. 'काळजीपूर्वक करा' असं मी म्हणत नाहीये. काळजीने हा प्रश्न सुटत नाही. चूक क्वेरी लिहिणाऱ्याच्या हातात यायच्या आधीच टेबलात पेरलेली असते.

कशी, ते बघू.

लाइकला स्लॅश कळत नाही. त्याच्या लेखी स्लॅश हे 'क' किंवा 'ख' सारखंच एक अक्षर. तुम्हा-आम्हाला '/प्रकल्प/पी_१' वाचताना दोन पायऱ्या दिसतात, डेटाबेसला फक्त अक्षरांची माळ दिसते. पुण्याच्या माणसाला हे लगेच पटेल. 'वडगाव' ने सुरू होणारं सगळं काढा म्हटलं तर वडगाव शेरी येईल, वडगाव बुद्रुक येईल आणि वडगाव मावळही येईल. आता ही तीन गावं एकमेकांपासून किती लांब आहेत ते रिक्षावाल्याला विचारा.

यावरचा सगळ्यांना माहीत असलेला उपाय म्हणजे शेवटी स्लॅश लावणं: '/प्रकल्प/पी_१/%'. याने चौदा आणि सतरा वाचले असते. पण अजून एक भोक उरतंच. लाइकमध्ये अंडरस्कोअरचा अर्थ 'कुठलंही एक अक्षर'. म्हणजे 'पी_१' च्या जाळ्यात 'पी-१' सापडेल, 'पीक१' सापडेल. आणि फोल्डरच्या नावांत अंडरस्कोअर किती सर्रास असतो हे मी सांगायला नको. मोकळी जागा टाकायची भीती वाटते म्हणून आपण सगळे तेच टाकतो! म्हणजे बरोबर क्वेरी अशी होते:

व्हेअर पाथ लाइक '/प्रकल्प/पी!_१/%' एस्केप '!'

आणि खुद्द फोल्डरचीही नोंद टेबलात असेल तर ती यात येत नाही, तिच्यासाठी 'ऑर पाथ = ...' वेगळं. एवढं सगळं शुक्रवारी संध्याकाळी कोणाला आठवणार? मला आठवलं नव्हतं, आणि माझा अनुभव त्या मुलाच्या दसपट होता.

विंडोजचे पाथ असतील तर आणखी मजा. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डरच नव्हते आणि स्लॅश आज्ञांच्या पर्यायांसाठी वापरून झाला होता. १९८३ साली डॉस २.० मध्ये फोल्डर आले तेव्हा त्यांच्या वाट्याला उलटा स्लॅश आला. हा उलटा स्लॅश मायएसक्यूएलमध्ये स्ट्रिंगचंही एस्केप चिन्ह आहे आणि लाइकचंही. म्हणजे पाथमधला एक उलटा स्लॅश लाइकने शोधायचा तर क्वेरीत चार लिहायचे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मात्र एकच पुरतो. एका डेटाबेसवर घोटलेली क्वेरी दुसऱ्यावर नेलीत तर ती चुकीचं उत्तर देईल, आणि चूक झाली असं सांगणारही नाही.

दुसरा नेहमीचा खेळ म्हणजे पाथमधून शेवटचा तुकडा, म्हणजे फाइलचं नाव, काढणं. हा प्रश्न मी इतक्या मुलाखतींत ऐकलाय आणि (कबूल करतो) विचारलाय, की आता लाज वाटते. उत्तरं ऐका:

ओरॅकलमध्ये इनस्ट्र ला उणे एक दिलं की ते मागून शोधतं, मग सबस्ट्र.

मायएसक्यूएलमध्ये सबस्ट्रिंग_इंडेक्स आणि उणे एक. झालं.

पोस्टग्रेसमध्ये स्प्लिट_पार्ट, पण मागून मोजायची सोय २०२१ च्या चौदाव्या आवृत्तीत आली. त्याआधी उलटसुलट करा नाहीतर रेग्युलर एक्स्प्रेशन लिहा.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये आख्खी स्ट्रिंग रिव्हर्स करायची, तिच्यात पहिला स्लॅश चारइंडेक्सने शोधायचा, त्यातून एक वजा करायचा आणि तेवढी अक्षरं राइटने उजवीकडून घ्यायची. आपल्या घराचा पत्ता शेजाऱ्याला आरशात दाखवण्यातला प्रकार.

आता खरी गोम. पाथमध्ये स्लॅशच नसेल तर? म्हणजे कोणीतरी नुसतंच 'नकाशा.पीडीएफ' भरलं असेल तर? ओरॅकल आणि मायएसक्यूएल ते आख्खं नाव परत देतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये चारइंडेक्स शून्य देतं, त्यातून एक गेला की उणे एक, आणि राइटला उणे लांबी दिली की क्वेरी तिथेच आपटते. लाख नोंदींत एक जरी अशी असली तरी आख्खा रिपोर्ट पडतो. आणि पाथ स्लॅशने संपत असेल तर मायएसक्यूएल रिकामी स्ट्रिंग देतं, जी पुढे कुठेतरी निमूटपणे एखाद्या जॉइनमध्ये हरवते. मला विचाराल तर आपटणारी क्वेरी परवडली. ती निदान ओरडते तरी.

एसक्यूएल सर्व्हरवाल्यांचा आणखी एक लाडका जुगाड म्हणजे पार्सनेम. ते फंक्शन आहे टेबलाच्या पूर्ण नावाचे (सर्व्हर, डेटाबेस, स्कीमा, टेबल) चार भाग सुटे करायला. लोक स्लॅशच्या जागी टिंब टाकून पाथ त्यात कोंबतात. चार पायऱ्यांपर्यंत चालतं, पाचवी आली की नल. ते चारच का, हे ज्याने मूळ क्वेरी लिहिली त्याला माहीत असतं, पण तोवर त्याने नोकरी बदललेली असते. २०१६ मध्ये स्ट्रिंग_स्प्लिट आलं तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं, पण तुकडे कुठल्या क्रमाने येतील याची त्यात हमी नव्हती. क्रमांक मागून घ्यायची सोय २०२२ च्या आवृत्तीत आली. पाथचे तुकडे क्रमाविना मिळणं म्हणजे पत्त्यावरचे शब्द मिळणं, पण तालुका कुठला आणि गाव कुठलं ते न कळणं.

हे सगळं फक्त फायलींचं आहे असं समजू नका. आपला सर्व्हे नंबर घ्या. सर्व्हे नंबर ४५, त्याचा हिस्सा १, त्याचा पोटहिस्सा २: '४५/१/२'. हा पाथच आहे की! (सातबारातला स्लॅश मात्र वेगळा बरं का. तो गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांच्यामधला.) आता हा नंबर टेक्स्ट म्हणून ठेवला आणि क्रमाने लावला तर ४५/१ नंतर ४५/१० येतो आणि मग ४५/२. आणि '४५/१%' म्हटलं की हिस्सा एकबरोबर दहा, अकरा, बारा सगळे. ड्रॉइंगचे शेरे पुन्हा लिहिता येतात. जमिनीच्या नोंदीत एकाचा हिस्सा दुसऱ्याच्या यादीत गेला तर काय होतं ते आपल्यापैकी अनेकांच्या घरात तारखांवर तारखा घेऊन माहीत झालेलं आहे.

मराठी नावांच्या फोल्डरांचा तर आणखी एक पदर आहे. 'दुसऱ्या' हा शब्द युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत खाली टिंब असलेल्या ऱ चा वेगळा वर्ण आणि त्यापुढे हलन्त. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं अक्षर. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण त्यांचे बाइट्स वेगळे. लिनक्सवर त्या नावांचे दोन वेगळे फोल्डर शेजारी शेजारी सुखाने नांदू शकतात. तुम्ही '/दुसऱ्या मजल्याचे नकाशे/' शोधता, अर्धेच सापडतात, आणि कोणीतरी छातीठोकपणे सांगतं की बाकीचे कधी अपलोड झालेच नव्हते. फोल्डरला आकडी ओळख असती तर नाव कसंही लिहिलेलं असलं तरी काही बिघडलं नसतं.

आता थोडा इतिहास, कारण यातला विनोद मला फार आवडतो. १९७० साली एडगर कॉड या आयबीएममधल्या माणसाने तो प्रसिद्ध लेख लिहिला, ज्यातून रिलेशनल डेटाबेस जन्माला आले. त्याच्यापुढे तेव्हा काय होतं? झाडासारखी रचना असलेले डेटाबेस. आयबीएमचंच आयएमएस हे त्यातलं ठळक उदाहरण, अपोलो मोहिमेच्या सुट्या भागांची जंत्री ठेवायच्या कामातून निघालेलं. त्यात माहितीपर्यंत पोचायचं तर मुळापासून फांदी-फांदीने उतरावं लागे. कॉडने त्या लेखात तक्रारी मांडल्या त्यातली एक हीच: प्रोग्रॅम माहितीकडे जाणाऱ्या वाटेवर अवलंबून राहतात, वाट बदलली की प्रोग्रॅम मोडतात. सुटे भाग आणि प्रकल्प यांची एकच माहिती झाडाच्या रूपात पाच तऱ्हांनी कशी मांडता येते हे त्याने तिथे दाखवलं आहे. पाच तऱ्हा, म्हणजे प्रोग्रॅम मोडायच्या पाच संधी.

म्हणजे रिलेशनल डेटाबेस आला तोच मुळी या वाटेच्या गुलामीतून सुटायला. आणि आपण काय केलं? त्या डेटाबेसमध्ये एक कॉलम बनवला, त्याला नाव दिलं 'पाथ' आणि हाकलून दिलेलं झाड घडी घालून त्यात परत कोंबलं!

बरं, मग करायचं काय? माझी पद्धत सांगतो.

एक. फोल्डरचं वेगळं टेबल करा. प्रत्येक फोल्डरला आकडी ओळख, नाव आणि आई-फोल्डरची ओळख. फाइलच्या नोंदीत फोल्डरची ओळख आणि फाइलचं नाव, दोन वेगळे कॉलम. 'याच्याखालचं सगळं द्या' हा प्रश्न विथ रिकर्सिव्हने सुटतो. ते १९९९ च्या एसक्यूएल मानकात आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५ पासून, पोस्टग्रेसमध्ये २००९ पासून आणि मायएसक्यूएलमध्ये २०१८ च्या आठव्या आवृत्तीपासून. ओरॅकलवाल्यांकडे कनेक्ट बाय त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे. 'आमच्या डेटाबेसला ते येत नाही' ही सबब आता संपली.

दोन. झाड फार खोल असेल आणि वाचन फार असेल तर त्यासाठीच बनवलेले प्रकार वापरा. पोस्टग्रेसमध्ये एलट्री आहे, एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००८ पासून हायरार्कीआयडी आहे. यांना पायरी म्हणजे काय ते कळतं. पी_१ च्या खालचं मागितलं तर पी_१४ येत नाही. लाइकमध्ये आणि यांच्यात नेमका हाच फरक.

तीन. जुनी सिस्टिम आहे, टेबल बदलता येत नाही? खरं आहे, बहुतेकांची हीच स्थिती असते, आमचीही होती. मग निदान चिरफाड एकदाच आणि एकाच ठिकाणी करा. प्रकल्प, फाइलचं नाव, एक्स्टेन्शन हे पाथवरून काढलेले वेगळे कॉलम करा, जे डेटाबेस स्वतःच भरत राहील. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कॉम्प्युटेड कॉलम आहेत, ओरॅकलमध्ये ११जी पासून व्हर्च्युअल कॉलम, मायएसक्यूएलमध्ये ५.७ पासून आणि पोस्टग्रेसमध्ये १२ पासून जनरेटेड कॉलम. स्लॅश नसलेल्या आणि स्लॅशने संपणाऱ्या नोंदींचं काय करायचं ते तिथे एकदा ठरवा. त्या कॉलमवर इंडेक्स करा. मग रोजच्या क्वेरीत 'प्रकल्प = पी_१' एवढंच लिहायचं. बरोबरीच्या चिन्हाला अंडरस्कोअर म्हणजे अंडरस्कोअरच. आणि वेगही मिळतो, कारण व्हेअरमध्ये कॉलमला फंक्शन गुंडाळलं की त्या कॉलमचा साधा इंडेक्स कामातून जातो. 'शेवट अमुकने होणारं' म्हणून टक्का पुढे लावला तरी तेच.

फोल्डरचं नाव बदलताना पाथवर रिप्लेस चालवणाऱ्यांना एक वेगळा नमस्कार. रिप्लेस सुरुवातीचंच बदलतं असा तुमचा समज असेल तर '/जुने/अहवाल/जुने/' या पाथवर एकदा करून बघा. दोन्हीकडचं 'जुने' बदलतं. आई-मुलाच्या टेबलात हेच काम एका ओळीचं अपडेट असतं.

यावर नेहमी येणारे आक्षेप मला माहीत आहेत. पहिला: "आई-मुलाचं टेबल केलं की पूर्ण पाथ दाखवायला दर वेळी चढत जावं लागतं." मान्य. मग पूर्ण पाथ साठवा की! माझा पाथ साठवण्याला विरोध नाही. मूळ माहिती आकड्यांत ठेवा आणि पाथ तिच्यावरून बनवलेला असू द्या, दाखवण्यापुरता. उलटं करू नका. दुसरा आक्षेप: "हे सगळं ॲप्लिकेशनच्या कोडमध्ये करू, तिथे पाथच्या चांगल्या लायब्ररी आहेत." लायब्ररी चांगल्या आहेत हे खरं. पण शुक्रवारी संध्याकाळी डिलीट चालवणारा माणूस तुमच्या कोडमधून जात नाही. तो थेट टेबलावर जातो, आणि टेबलाने त्याला सत्य दाखवायला हवं. तिसरा: "आमचे पाथ साधे आहेत." आमचेही होते. पी_१ ते पी_९ होते तोवर अगदी साधे होते.

आणि हो, सबस्ट्रिंगवर सरसकट बंदी घाला असंही मी म्हणत नाहीये. सर्व्हरच्या लॉगमधून कुठलं पान किती वेळा मागितलं गेलं हे एकदा बघायचंय, बाहेरून आलेला डेटा आत घेताना त्याचे तुकडे पाडायचेत, तर खुशाल पाडा. मीही पाडतो. फरक इतकाच की ते काम एकदा होतं, कोणीतरी उत्तर डोळ्यांनी बघतं आणि चुकलं तर परत करता येतं. ज्या क्वेरीवर कोणाची तरी नोंद उडणार आहे, पैसे लागणार आहेत किंवा हक्क ठरणार आहे, तिथे अक्षरं मोजून निर्णय घेऊ नका.

शेवटी त्या मुलाबद्दल. सोमवारी मी त्याला विचारलं, "तू डिलीटच्या आधी सिलेक्ट का नाही केलंस?" तो म्हणाला, "केलं होतं सर. वरच्या पन्नास ओळी बघितल्या. सगळ्या पी_१ च्याच होत्या."

मला काही बोलता येईना. त्याने शिकवल्याप्रमाणे सगळं केलं होतं. सिलेक्ट करून बघितलं, सीनियरला दाखवलं, मग चालवलं. क्रमाने लावलेल्या यादीत पी_१ चे पाथ पहिले आले, कारण आकड्याच्या शून्याआधी स्लॅश येतो. अस्कीत स्लॅश सत्तेचाळिसावा आणि शून्य अठ्ठेचाळिसावा. बाकीचे प्रकल्प पन्नास ओळींच्या खाली दडले होते. त्याने एवढी खबरदारी घेऊनही टेबलाने त्याला फसवलंच.

त्यानंतर आम्ही तिथे 'प्रकल्प' हा कॉलम काढून घेतला. एका दुपारचं काम. ते आधी केलं असतं तर दोन माणसांचा आठवडा आणि कोण जाणे किती शेरे वाचले असते. तो मुलगा आता दुसरीकडे आहे, स्वतः इतरांच्या क्वेऱ्या तपासतो. मध्यंतरी फोन आला होता. म्हणाला, "सर, काल एकाने लाइकमध्ये पाथ घालून आणला. मी काही न बोलता परत पाठवला. म्हटलं, आधी टेबल दाखव."

असो. चहा केव्हाच थंड झालाय आणि घरातून भाजी आणायचं फर्मान निघालंय. तुमच्या टेबलात 'पाथ' नावाचा कॉलम असेल तर सोमवारी गेल्या गेल्या त्याच्याकडे एकदा नीट बघा. आणि शुक्रवारी संध्याकाळी कुणालाही "चालव" म्हणू नका.

पुढच्या शनिवारी भेटू. आळस आड आला नाही तर :-)